उंबऱ्यावरचा कोरम

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी सकाळी साडेसात वाजता शालूबाईंनी देवापुढं पळीभर पाणी सोडलं, संकल्प केला आणि तोंड मिटलं. आता दिवेलागणीला देवघरात समई लागेपर्यंत ते उघडायचं नव्हतं. चातुर्मासाचा त्यांचा नेमच होता, दर सोमवारी मौन. कुणी चातुर्मासात वांगं सोडतं, कुणी कांदा-लसूण. शालूबाईंचा मिरची-मसाला कुटून द्यायचा डंक होता. कांदा-लसूण सोडला तर गिऱ्हाइकाच्या चटणीची चव कशी बघणार? म्हणून त्यांनी स्वतःकडं जे सगळ्यांत जास्त होतं तेच सोडलं होतं, बोलणं. वर्षभर जिभेनं केलेलं चार महिने जिभेनंच फेडायचं, असा साधा हिशेब.

मौनाचे नियम त्यांना सासूबाईंनी, अंबूबाईंनी, घालून दिलेले. लिहायचं नाही, पेनाला हात लावायचा नाही. मान हलवायची नाही. हातवारे तर नाहीतच. "हातवारे करून बोलणारं माणूस मौनात नसतंय, तमाशात असतंय," असं अंबूबाई म्हणायच्या. सासूबाई जाऊन नऊ वर्षं झाली, पण त्यांचं वाक्य मोडायची शालूबाईंची अजून छाती नव्हती.

शालूबाईंचे यजमान बाळासो यांना सोमवार फार प्रिय. आठवड्यात तो एकच दिवस असा असायचा की त्यांनी सुरू केलेलं वाक्य त्यांचं त्यांनाच संपवायला मिळायचं.

सव्वाआठला शालूबाईंचा फोन वाजला. बाळासोंनी तो झडप घालून उचलला.

"बोला, डॉक्टरसायेब! मी मालक बोलतोय. काय म्हंता? आज अकराला मीटिंग? शनवारची आज ठिवलीया व्हय? बरं, बरं."

शालूबाई हातातलं बेलपान तसंच धरून समोर येऊन उभ्या राहिल्या. मान हलवता येत नव्हती, म्हणून त्यांनी डोळे जितके मोठे करता येतील तितके केले. 'आज नको' हे डोळ्यांनी सांगायचं म्हणजे आणखी काय करायचं?

"तयारच हायत की!" बाळासो फोनमध्ये म्हणाले. "नुसतं नाव घेतलं तर डोळं चमकलं बघा. येतील, येतील. मी सोडतो स्कूटरवर."

आता ही मीटिंग कसली, ते सांगायला हवं. माणसांवर औषधाचा, उपचाराचा कसलाही अभ्यास करायचा असला तर तो आधी एका समितीपुढं मांडायचा, असा आपल्याकडं देशभर दंडक आहे. त्या समितीत डॉक्टर असतात, वकील असतो, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो, आणि एक साधं माणूस असतं. साधं म्हणजे ज्याला डॉक्टरकीतलं काही कळत नाही असं. ज्याच्या अंगावर प्रयोग व्हायचा त्याच्या बाजूनं कागद वाचायचा, आणि 'मला हे कळलं नाही' असं बेधडक म्हणायचं, एवढंच त्याचं काम. कॉलेजच्या समितीचे सचिव डॉक्टर जोतीराम यांच्या घरची मिरची शालूबाईंच्या डंकावर कुटली जायची. 'मला पटलं न्हाई' हे वाक्य शालूबाई जितक्या सहज म्हणतात तितकं सबंध कोल्हापुरात कुणी म्हणत नसेल, असं जोतीरामांच्या मंडळींनी सांगितलं आणि शालूबाई समितीवर आल्या.

पण समितीवर आल्यावर त्यांना कुणी फारसं बोलू दिलं नव्हतं. पहिल्याच बैठकीत त्यांनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तेव्हा अध्यक्ष विजयसिंह, शिरोळचे निवृत्त प्राचार्य, मायेनं म्हणाले होते, "शालूबाई, तुम्ही नुसतं बसा. तुम्ही बसला की कोरम होतो." कारण या कॉलेजच्या समितीनं स्वतःच्याच नियमपुस्तकात लिहून ठेवलं होतं: किमान पाच सदस्य हजर, आणि त्यात साधं माणूस नसेल तर बैठक बैठकच नाही.

या खेपेला मात्र शालूबाई नुसतं बसणार नव्हत्या. गडमुडशिंगीची एक पोरगी, डॉक्टर दीक्षा, बायकांच्या अंगातल्या कमी रक्तावर अभ्यास करणार होती. लोहाची गोळी सकाळी कामाला जाताना घेतली तर बायका ती जास्त दिवस चालू ठेवतात, की रात्री जेवल्यावर घेतली तर, असा सरळ प्रश्न. पण तिच्या संमतीपत्राच्या नवव्या पानावर शालूबाईंना एक ओळ अशी सापडली होती की त्यांनी डंक बंद करून ती तीनदा वाचली. शनिवारी त्या बोलणारच होत्या. पण शनिवारी पंचगंगेचं पाणी रस्त्यावर आलं, विजयसिंह शिरोळला अडकले आणि बैठक बारगळली. त्याआधीची बैठक वकिलांना ताप आला म्हणून बारगळलेली. आता आज पाचच्या आत मंजुरीचं पत्र विद्यापीठाकडं गेलं नाही तर त्या पोरीची सहा महिन्यांची टर्म बुडणार होती.

जावं तर बोलता येत नाही. न जावं तर पोरीचं नुकसान. शालूबाईंनी बेलपान महादेवाला वाहिलं, पिशवी घेतली आणि गुपचूप स्कूटरवर बसल्या. वाटेत बाळासो अखंड बोलत होते.

कॉलेजच्या सभागृहात एसी, लांबलचक टेबल आणि क्रीमरोलची ताटली होती. शालूबाई खुर्चीत बसल्या आणि पिशवीतून संमतीपत्र काढलं. नववं पान उघडून समोर ठेवायचं, एवढं तर मौनात बसतं, असा त्यांनी वाटेत विचार करून ठेवला होता. त्यांनी पानं उलटली. सात, आठ, दहा.

नऊ नव्हतंच. पान नऊ त्यांनी वेगळं काढून तागडीखाली ठेवलं होतं, हे त्यांना आत्ता आठवलं. आणि शनिवारी संध्याकाळी तागडीवर बाळासो होते.

"नमस्कार शालूमावशी!" जोतीराम हजेरीचा कागद घेऊन आले. जोतीराम म्हणजे नियमाच्या बाहेर शिंकतसुद्धा नसत. "तुम्ही आला, जीव भांड्यात पडला. इथं सही करा."

शालूबाई पेनाकडं बघत राहिल्या. पेनाला हात लावायचा नाही. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं, टेबलावरचं शाईचं पॅड ओढलं आणि शांतपणे हजेरीवर अंगठा उठवला.

जोतीरामांचा चेहरा पडला. "मावशी, तुम्हांला सही येते की! मागच्या टायमाला तर ऐटीत केलीसा."

शालूबाई गप्प.

"रागावल्यात," डॉक्टर प्रीती मॅडम जोतीरामांच्या कानाशी पुटपुटल्या. त्या औषधशास्त्राच्या प्राध्यापिका. "सर मागं म्हणाले होते ना, नुसतं बसा म्हणून. ते लागलंय त्यांना."

"मी? मी काय वावगं बोललो?" विजयसिंह दचकले आणि क्रीमरोलची ताटली शालूबाईंपुढं सरकवली. "शालूबाई, घ्या की. झालं गेलं पंचगंगेला मिळालं."

शालूबाईंचा सोमवारचा उपास. त्यांनी ताटलीकडं पाहिलंसुद्धा नाही.

"लई रागावल्यात," विजयसिंह म्हणाले.

चौथे सदस्य केरबा वकील. त्यांना रागलोभाशी देणंघेणं नव्हतं, त्यांचं लक्ष अंगठ्यावर होतं. "राग ऱ्हाऊ द्या बाजूला. अंगठा आला की साक्षीदार आला. आपल्याच नियमात हाय. आणि साक्षीदार संस्थेबाहेरचा पायजे."

"ते संमतीपत्राला, वकीलसाहेब. हजेरीला नाही," प्रीती मॅडम म्हणाल्या.

"हजेरीला न्हाई असं कुठं लिवलंय?" वकिलांनी विचारलं. जोतीरामांनी नियमपुस्तक चाळलं. तसं कुठंच लिहिलेलं नव्हतं. म्हणजे धोका होता. शिपाई खाली पळाला आणि पार्किंगमध्ये एका पावण्याला पुराची बातमी सांगत उभ्या असलेल्या बाळासोंना वर घेऊन आला.

बाळासोंनी झोकात सही ठोकली, गोपनीयतेच्या कागदावर दुसरी ठोकली, आणि न विचारता खुर्ची ओढून क्रीमरोल उचलला. "ह्या रागावल्यात व्हय? छ्या! मौन हाय त्यांचं. चातुर्मासाचं. दिवा लागस्तोवर एक अक्षर न्हाई, खूण न्हाई, पेन न्हाई."

"मग सकाळी फोनवर का नाही सांगितलंत?" जोतीराम जवळजवळ रडले.

"तुम्ही इचारलं 'येतील का'. 'बोलतील का' कुठं इचारलं?"

विजयसिंहांनी मात्र सुटकेचा श्वास टाकला. राग नाही म्हटल्यावर त्यांचा आवाज पुन्हा शाळेच्या मैदानाएवढा झाला. "अहो, मग अडचण कसली? हजर आहेत, कोरम आहे. बोलवा त्या मुलीला."

दीक्षा आत आली. बारीक चणीची, फाईल छातीशी धरलेली. तिनं दहा मिनिटांत अभ्यास सांगितला. चारशे बायका, बोटाला एक टोचणी, तीन महिने गोळी. प्रीती मॅडमनी दोन प्रश्न विचारले, तिनं नीट उत्तरं दिली. वकिलांनी विम्याचं विचारलं, तेही होतं. शालूबाईंना पोरगी आवडली. म्हणूनच तर जीव तुटत होता, पण दुसऱ्याच्या प्रतीत पान दाखवायचं म्हणजे हातवारेच झाले असते. जीभ टाळ्याला चिकटवून त्या मनातल्या मनात ओरडत होत्या, 'अगं बाई, पान नऊ!'

"छान," विजयसिंह म्हणाले. "कुणाची हरकत?"

कुणी बोललं नाही.

"शालूबाई?"

शालूबाई बोलल्या नाहीत.

"मौनं संमतिलक्षणम्!" विजयसिंहांनी टेबलावर थाप मारली. "शास्त्रच आहे. गप्प राहणं म्हणजे होकार. जोतीराम, लिहा, एकमतानं मंजू—"

शालूबाई उठल्या. पिशवी खांद्याला लावली आणि दाराबाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

जोतीरामांचं पेन हवेत थांबलं. "सर, मंजूर म्हणू नका."

"का?"

"मावशी बाहेर आहेत. कोरम मोडला."

"पाण्याला गेल्या असतील."

शालूबाई आत आल्या आणि खुर्चीमागं उभ्या राहिल्या.

"आल्या बघा. कोरम झाला. लिहा, एकमतानं मं—"

शालूबाई बाहेर गेल्या. त्या दाराला उंबरा कसला, ॲल्युमिनियमची पट्टी होती. पण उंबऱ्यावर पाय देऊ नये म्हणून त्यांनी तीही नीट ओलांडली. त्यांनी खूण केली नव्हती, मान हलवली नव्हती. चालणं काही मौनात वर्ज्य नाही. अंबूबाईसुद्धा मौनात दहा वेळा परसात जायच्या.

"हे बेष्ट हाय," बाळासो दुसरा क्रीमरोल उचलत म्हणाले. "घरात बी असंच करत्यात. मी चुकीचं बोललो की सैपाकघरात."

"म्हणजे काहीतरी चुकीचं आहे!" जोतीरामांच्या डोक्यात उजेड पडला. "सर, मावशींची हरकत आहे. पण कशाला, ते कसं कळणार?"

दीक्षा उभीच होती. "सर, फॉर्म वाचूया का? मोठ्यानं? जिथं मावशी बाहेर जातील तिथं चूक."

चौदा पानी संमतीपत्र मोठ्यानं वाचायचं, हे या समितीच्या इतिहासात कुणाला सुचलं नव्हतं. खरं सांगायचं तर मनातल्या मनात वाचायचंही फार जणांना सुचलं नव्हतं. विजयसिंहांनी आपली प्रत हळूच फाईलखाली सरकवली. तिची पिनसुद्धा उघडलेली नव्हती.

जोतीराम वाचू लागले. "'सदर संशोधनात यादृच्छिक पद्धतीने द्विगटीय वर्गवारी करण्यात येऊन...' म्हणजे काय हो हे?"

"चिठ्ठ्या टाकून दोन गट, सर," दीक्षा कानकोंडी होत म्हणाली. "सीनियरच्या फॉर्मवरनं घेतलंय. त्यांनी त्यांच्या सीनियरच्या."

शालूबाई आत होत्या. पान दोन झालं, तीन झालं. चौथ्या पानावर वकिलांना डुलकी लागली. सहाव्यावर बाळासोंनी चहा मागवला. शालूबाई जागच्या हलल्या नाहीत. घड्याळात दोन वाजून गेले, जेवणं राहिली, जोतीरामांचा आवाज बसला आणि पुढचं प्रीती मॅडमनी वाचायला घेतलं.

"'पान नऊ. सदर पत्रक घरपोच दिल्यापासून सात दिवसांच्या आत सहभागी व्यक्तीने नकार न कळविल्यास...'"

"थांबा!" बाळासो ओरडले. "ह्ये पान मी वळखतो की! ह्यातच शनवारी पाव किलो चटणी बांधून दिली मी!"

कुणी त्यांच्याकडं पाहिलं नाही. सगळे दाराकडं पाहत होते. शालूबाई केव्हाच बाहेर गेल्या होत्या.

प्रीती मॅडमनी सावकाश वाक्य पुरं केलं. "'...नकार न कळविल्यास त्यांची संमती आहे असे गृहीत धरण्यात येईल.'"

विजयसिंहांनी आपल्या तळहाताकडं पाहिलं. याच हातानं त्यांनी मघाशी टेबलावर थाप मारली होती.

"आमच्या घरात," दीक्षा हळूच म्हणाली, "आई कुणाला तोंडावर न्हाई म्हणत नाही. सरुबाई म्हटलं की आख्ख्या गडमुडशिंगीत कुणीबी काम सांगावं. तिला नको असलं की ती गप बसते. आम्हा पोरांना ठाऊक होतं, आई गप म्हणजे न्हाई." तिनं फाईल टेबलावर ठेवली. "आणि माझ्याच फॉर्मात मी लिहिलंय, गप म्हणजे व्हय. मी वाचलंच नाही, सर. सीनियरचं होतं, बरोबर असंल म्हटलं."

शालूबाई आत आल्या. जाता जाता त्यांची सावली पोरीच्या खांद्यावरून गेली, इतक्या जवळून. बोलता आलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, 'अगं, चूक कळली तिथंच अर्धं काम झालं.'

"पान नऊ रद्द," विजयसिंह म्हणाले. आवाज आता वर्गातल्या फळ्यापुरताच होता. "दुरुस्त करा. आणि सगळाच फॉर्म पुन्हा लिहा. आईला सांगशील तसा."

दीक्षा लॅपटॉप उघडून तिथंच बसली. "'ताई,'" ती बोलत बोलत टाइप करू लागली, "'गोळी सकाळची की रात्रीची, ते चिठ्ठी टाकून ठरणार. तुम्हांला नको असंल तर न्हाई म्हणा, आम्हांला राग येणार नाही. मधनंच सोडली तरी दवाखान्यातलं तुमचं औषध बंद होणार नाही. तुम्ही गप बसला, तर आम्ही न्हाई समजू. व्हय असंल तर तोंडानं सांगा, मग सही. घरच्या दुसऱ्या कुणी तुमच्या वतीनं व्हय म्हटलेलं चालणार नाही.'"

शेवटच्या वाक्याला शालूबाईंनी बाळासोंकडं पाहिलं. बाळासोंनी क्रीमरोल खाली ठेवला.

चौदा पानांची दोन पानं झाली. दीक्षानं ती मोठ्यानं वाचून दाखवली आणि शालूबाई एकदाही बाहेर गेल्या नाहीत. सव्वाचार वाजले होते. जोतीरामांनी मंजुरीचं पत्र काढलं, सगळ्यांनी श्वास सोडला, विजयसिंह म्हणाले, "आता एकमतानं..."

आणि ते स्वतःच थांबले. केरबा वकील चांगले जागे झाले होते.

"अध्यक्षमहाराज, आत्ताच आपण ठरवलं, गप म्हंजे व्हय न्हाई. कार्यवृत्तात लिवलंय. मग शालूबाईंचं गप बसणं व्हय कसं धरायचं?"

बॉम्ब पडावा तसे सगळे बसले. नियमपुस्तकात होतंच: निर्णयावर प्रत्येक सदस्याचं स्पष्ट मत. जोतीरामांनी ते स्वतः ठळक करून घेतलं होतं.

"दिवेलागण किती वाजता?" प्रीती मॅडमनी विचारलं.

"पावसाळी दिवस, पण सात तरी वाजतील," बाळासो म्हणाले. मग एकदम त्यांचे डोळे लकाकले. "पर दिवा लागला की मौन सुटतंय ना? मग दिवा लावा की! कोण आडवं आलंय?"

पाचव्या मिनिटाला शिपायानं गॅदरिंगच्या सामानातली पितळी समई आणली. सहाव्या मिनिटाला तेल नाही असं निघालं. मुलींच्या हॉस्टेलवरनं खोबरेल तेलाची बाटली आली. विजयसिंहांनी बूट काढून वात लावली आणि सगळे शालूबाईंकडं वळून उभे राहिले, उद्घाटनाला उभे राहावेत तसे.

शालूबाई त्या ज्योतीकडं पाहत राहिल्या. दिवा लागला होता, खरं होतं. पण संकल्प सोडताना मनात जी दिवेलागण होती, ती ही नव्हे, हे त्यांना ठाऊक होतं आणि ज्याच्यापुढं पाणी सोडलं होतं त्यालाही ठाऊक होतं. साडेचारच्या उन्हात समई लावून महादेवाला म्हणायचं, 'झाली बघा संध्याकाळ'? पान नऊ तरी वेगळं काय होतं? तिथंही कुणीतरी सोयीनं गृहीतच धरलं होतं.

त्या गप्पच राहिल्या.

"शालूबाई, बोला हो," विजयसिंह काकुळतीला आले. "एका शब्दाचा प्रश्न आहे. पोरीची टर्म..."

"सर, नको," दीक्षा मध्येच म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज नीट होता. "त्यांना भरीला घालू नका. आम्ही बौद्ध, आमच्या आईचं पावसाळ्यातल्या वर्षावासात पौर्णिमेला अष्टशील असतं, आठ नियमांचं व्रत. त्या दिवशी तिला कुणी काय मोडायला लावलेलं मला आवडणार नाही. आणि दबाव टाकून घेतलेली संमती चालत नाही. ते माझ्याच फॉर्मात हाय, पहिल्या पानावर." तिनं लॅपटॉप मिटला. "टर्म काय, परत येईल. मावशी, तुम्ही नसता तर मी चारशे घरांत ते पान वाटलं असतं."

तिनं फाईल उचलली आणि ती दाराकडं निघाली. ॲल्युमिनियमच्या पट्टीपर्यंत पोचलीही.

"थांब गं."

आवाज मोठा नव्हता, पण डंकाच्या दणक्यात तीस वर्षं वापरलेला होता. दीक्षा जागच्या जागी थांबली. बाळासोंच्या हातातला कप हलला.

शालूबाईंनी समईला हात जोडले. "महादेवा, मौन ह्या दिव्यानं सुटलं न्हाई. ते मी सोडलं. मला कुणी भरीला घातलं न्हाई. काय फेडायचं ते मी फेडीन." मग त्या समितीकडं वळल्या. "माझी संमती हाय. तोंडानं सांगती. लिवून घ्या."

जोतीरामांनी लिहून घेतलं. पत्रावर सह्या सुरू झाल्या, चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती, सगळं सुखरूप पार पडलं असंच सगळ्यांना वाटलं.

"आणि आता बोललीच हाय तर," शालूबाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

सकाळी साडेसातपासून जे साठलं होतं ते आलं. नुसतं बसा म्हणजे काय? कोरम करायला देवळातली मूर्ती आणा की, ती ह्याहून चांगली बसती. क्रीमरोल श्रावणी सोमवारी? आणि दीक्षा, गोळी पोटात गेल्यावर मळमळतंय ते पुढं लिही, खाली बारीक अक्षरात नको. आणि वकीलसायेब, चौथ्या पानाला घोरत होता, मी बघितलं. विजयसिंह मान खाली घालून ऐकत होते. पत्र शालूबाईंच्या कोपराखाली होतं आणि ते मागायची कुणाची हिंमत नव्हती. घड्याळ चार त्रेपन्नवर गेलं, तेव्हा जोतीरामांनी हळूच हात वर केला.

"मावशी, तुमचं सगळं बरोबर आहे. फक्त ते पत्र..."

"मग मघाच बोलायचं न्हाई का? गप का बसलासा?"

पत्र चार सत्तावन्नला विद्यापीठाच्या पोर्टलवर चढलं.

संध्याकाळी पार्किंगमध्ये बाळासोंनी स्कूटर काढली. शालूबाई बसल्या नाहीत.

"सकाळी फोनवर कुणाला इचारून व्हय म्हटलासा?"

बाळासो गप्प.

"गप बसलं म्हंजे चालत न्हाई आता. सगळ्या डॉक्टरांनी ठरवलंय. आयका. मोडलेला सोमवार फेडायचा म्हंजे म्होरल्या सोमवारी मी मौन धरणार, आणि ज्याच्यामुळं मोडला त्यानं बी धरायचं, असं मला वाटतंय. खूण न्हाई, लिवणं न्हाई. नको असंल तर न्हाई म्हणा, राग न्हाई. मधनंच सोडलं तरी जेवाण बंद होणार न्हाई. सक्ती न्हाई. पर सांगायचं ते तोंडानं सांगायचं."

बाळासोंनी बराच वेळ स्कूटरच्या आरशात स्वतःकडं पाहिलं. इतकी वर्षं संसार झाला, त्यांना असं सगळं समजावून कुणी कधी काही विचारलं नव्हतं.

"व्हय," ते म्हणाले. "धरतो."

त्या आठवड्यात दीक्षानं विद्यापीठाचा होकार येताच आपल्या गल्लीपासून सुरुवात केली. पहिल्याच दिवशी तिच्या सख्ख्या आईनं दोन पानं ऐकून घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी तोंडावर सांगितलं, "न्हाई बाई, मला नको." दीक्षानं तो नकार नोंदवहीत पहिल्या ओळीवर लिहिला आणि आनंदानं फोन करून शालूमावशींना सांगायचं ठरवलं.

तिनं फोन लावला तेव्हा पुढच्या सोमवारची सकाळ होती. फोन देवघराशेजारच्या फळीवर वाजत राहिला. एका पाटावर शालूबाई बसल्या होत्या, दुसऱ्या पाटावर बाळासो. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. कुणी उठलं नाही. फोन वाजून वाजून थांबला, आणि घरातलं कुणी कुणाच्या वतीनं काहीच बोललं नाही.